वरच्या तुकड्याची माती

मी हद्दीचा दगड बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. माणसांचा एकमेकांवर भरवसा असता, तर मला कुणी उभं केलंच नसतं.

गावानं टेकडीच्या उतारावरची पडीक जमीन कसायला काढली, तेव्हाची गोष्ट. गरीब घरांना निदान वर्षाचं धान्य पिकवता यावं म्हणून चिठ्ठ्या टाकून सारखे तुकडे वाटले. वरचा शिंपीणबाईला मिळाला, खालचा सुतारदादाला. मध्ये रुंद बांध घाला, असं सांगून सांगून जमीन वाटणाऱ्या समितीच्या आक्का थकल्या. पण बांधात जागा कुणाची जाणार? तू सरक, मी नाही, यात बांध राहूनच गेला आणि मी एकटा तिथे रोवला गेलो. नियम मात्र कडक ठरला: हद्दीशी लबाडी करील त्याचा तुकडा काढून घ्यायचा.

दोन पावसाळे गेले. दादाचा मका खांद्याला लागला, बाईचा गुडघ्याच्या वर येईना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग एके सकाळी बाई पाटी घेऊन आली. इकडेतिकडे बघत तिनं दादाच्या बाजूची माती भरली आणि वर नेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. मला तर बरंच वाटलं, आपला संशय खरा ठरला म्हणून.

आठवड्याच्या आत दादानं तिला पकडलं आणि आक्कांना बोलावून आणलं. नियम म्हणजे नियम, तुकडा काढून घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. बाईचा चेहरा उतरला. गावात शिवणाला गिऱ्हाईक बेताचं. तुकडा गेला तर दोन्ही लेकींना घेऊन तिला पुन्हा वीटभट्टी गाठावी लागणार होती.

"माती माझीच आहे, दादा," ती म्हणाली. "दर पावसात वाहून तुमच्याकडे जाते. उकरून बघा. माझ्या खतात शिवणाचा केर असतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, बांधाच्या नावानं जागा बळकावायला निघाली."

दादानं फावडं मारलं. ढेकळातून दोऱ्याचा गुंता निघाला, चिंध्या निघाल्या, एक तुटकं बटण निघालं. आक्कांनी ते उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

खरं सांगतो, मला लाज वाटली. माती माझ्या कुशीवरून वाहत जायची, आणि मी संशय घेतला तो पाटी वाहणाऱ्या बाईचा.

दुसऱ्या दिवशी दादाच दोरी घेऊन आला. त्यानं हातभर जागा सोडली, तेवढीच तिनं. मग त्यांनी मला उपटून नव्या बांधाच्या पायात आडवा गाडला. आता माती अडते, आणि यंदा वरचा मकाही कमरेच्या वर गेलाय.

तरी स्वभावाला औषध नाही. परवा दोघं बांधावर बसून भाकरी खात होते. दादानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, तो हद्दीचा दगड नेमका कुठं गाडला हो आपण?"

मी कान टवकारले.

"कोण जाणे, दादा. मला नाही आठवत."

खोटं बोलली. ती बरोबर माझ्यावरच बसली होती. तुम्हीही सांगू नका.