कुंपण नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे आणि मला कुंपण नाही. डावीकडे मोकळं रान, उजवीकडे मोकळं रान, आणि मधे मी एकटा, कुलूप लावून ताठ उभा. हसू येतंय ना? हसून घ्या. मोरखाप्यात मला हसल्याशिवाय कोणी पुढे जात नसे, आणि पुढे जात तेही माझ्या बगलेतून.

मोरखापा हा आमचा छोटासा कसबा मध्य प्रदेशात, सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना लागतो. चहूकडे कापूस आणि संत्री, आणि गावाला लागून एक टेकडी. टेकडीवर पळस आहेत, तेंदू आहेत, मोर आहेत आणि नगर परिषदेचा एक फलक आहे. फलकावर लिहिलंय, 'राखीव निसर्गक्षेत्र, लोकसहभागातून'. त्या क्षेत्राचा मी दरवाजा. जन्म मात्र माझा अगदी वेगळ्या कामासाठी झाला होता.

मला घडवलं श्रावण लोहारानं. बैलगाडीच्या चाकांवर बसवतात त्या लोखंडी धावा त्यानं तापवून सरळ केल्या आणि त्यांचे माझे गज झाले. काम संपल्यावर मला एक दणका देऊन तो म्हणाला, "हा दरवाजा हत्तीच्या बापाले नाही हालाचा!" हे कौतुक मी अजून जपून ठेवलंय, कारण त्यानंतर फारसं कौतुक वाट्याला आलं नाही.

मला बसवलं कोंडवाड्याला. तुमच्यापैकी पुष्कळांनी कोंडवाडा पाहिलाही नसेल. मोकाट गुरं कोणाच्या शेतात शिरली की ती पकडून परिषदेच्या कोंडवाड्यात घालत, आणि मालक दंड भरून सोडवून नेत. मी फार कडक होतो. गाईनं डोळ्यांत पाणी आणलं तरी विरघळलो नाही, म्हशीनं धडक दिली तरी वाकलो नाही. मालक मात्र आले की आधी मलाच शिव्या घालायचे, जणू मीच त्यांच्या गोऱ्ह्याला घरून उचलून आणलं होतं. वाईट वाटायचं, पण काम होतं आणि कामाचा मान होता.

पुढे गुरं कमी झाली, कोंडवाडा मोडला, त्या जागी दुकानं उभी राहिली. मला परिषदेच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे माझ्यावर कोंबड्या बसायच्या. ज्या गजांनी सांड अडवले त्यांच्यावर कोंबड्या! आपल्याला आता भंगारवाल्याचीच वाट पाहायची आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

तेवढ्यात टेकडीचं प्रकरण सुरू झालं. टेकडी तेव्हा पार बोडकी झाली होती. तिच्या पायथ्याशी अंबाबाईंची संत्र्याची बाग आहे. टेकडीवरची झाडं गेली तशी त्यांच्या विहिरीचं पाणी खाली खाली गेलं, आणि उन्हाळ्यात संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळू लागली. अंबाबाई गप्प बसणाऱ्या नव्हेत. त्यांनी परिषदेत जाऊन असा आवाज लावला, की परिषदेनं घाईघाईनं टेकडी व्यवस्थापन समिती नेमली. अध्यक्ष अंबाबाई, परिषदेकडून पार्षद, म्हणजे नगरसेवक, भाऊराव, लिहा-वाचायला परिषदेतला बाबू अमोल, बौद्ध वस्तीतून पोस्टात काम करणाऱ्या करुणाताई, आणि चौकीदार म्हणून कवडू.

समितीनं काम चांगलं केलं, हे मी कबूल करतो. चराई बंद झाली, बुंध्यांना धुमारे फुटले, पळस पुन्हा डोक्याएवढे झाले, आणि अंबाबाईंच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. मग कोणीतरी म्हणालं, क्षेत्र राखीव आहे तर त्याला दरवाजा पाहिजे. अमोलला मी आठवलो. मला हिरवा रंग लावून टेकडीच्या वाटेवर उभं केलं. कुंपण मागून येणार होतं. परिषद म्हणाली, ते वनखातं करेल. वनखातं म्हणालं, ते परिषद करेल. दोघंही इतक्या आदरानं एकमेकांना पुढे करत होते की कुंपण मधल्या मधे राहून गेलं.

माझं उद्घाटन भाऊरावांनी केलं. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि मग लक्षात आलं की किल्ली परिषदेतच राहिली आहे. सगळे पाहुणे क्षणभर थांबले आणि मग माझ्या दोन्ही बाजूंनी आत जाऊन जेवायला बसले. तेव्हापासून ती रीतच पडली.

एकटा कवडू मला मानायचा. रोज सकाळी कुलूप काढायचा, संध्याकाळी लावायचा, आणि येणं-जाणं माझ्यातूनच करायचा. एकदा किल्ली घरी विसरला तर माझ्यासमोर दगडावर बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, "काय गा कवडू, इथं काहून बसून राहिला?"

"किल्ली येऊन राहिली," तो म्हणाला. "आली का आत जातो."

लोक हसले आणि बाजूनं आत गेले. मला त्या दिवशी रडू आलं असतं, पण गंज चढेल म्हणून आवरलं.

आता आमच्यावर आलेल्या संकटाचं सांगतो. आपला पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा म्हटलं की कार्यालयं आली, साहेब आले, आणि साहेबांना राहायला घरं आली. घरांसाठी जागा शोधता शोधता कोणाचं तरी बोट नकाशावर आमच्या टेकडीवर पडलं. भोपाळहून निरोप आला की एक साहेब पाहणीला येतील. लोक टेकडी खरोखर सांभाळत असतील तर ती राखीव राहील, नाहीतर सपाट करून तिथे वसाहत होईल.

आणि साहेब येणार कधी, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेकीची जत्रा, आणि सगळा अमला तिकडे बंदोबस्तात. एवढे दगड उडत असताना साहेबांना आमची टेकडी जास्त बरी वाटली असावी.

पोळा ऐकताच समितीच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे पोळ्याला घरोघरी दारात पळसाची फांदी लावतात. तिला मेढा म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली इडापिडा त्या मेढ्यासोबत गावाबाहेर नेऊन टाकायची, अशी पद्धत. आणि मोरखाप्यात जवळचे पळस म्हणजे आमच्याच टेकडीवरचे. आदल्या वर्षी पोळ्यानंतर टेकडीवर नुसत्या काठ्या उभ्या राहिल्या होत्या.

अंबाबाईंनी बैठक बोलावली. "यंदा एकही फांदी तुटली नाही पाहिजे," त्या म्हणाल्या. "साहेबानं बोडके पळस पाहिले तं टेकडी गेली. टेकडी गेली तं माही विहीर गेली, अन् विहीर गेली तं बगीचा गेला. मंग मी काय भाऊरावच्या घरी भांडे घासू?"

ठराव एकमतानं पास झाला. पोळ्याच्या आदल्या दिवसापासून दरवाज्याला कुलूप, आणि कवडूचा पहारा. भाऊरावांनी तर ठरावाला टेबल वाजवून पाठिंबा दिला.

पोळ्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. कवडू माझ्यासमोर काठी घेऊन पहाऱ्याला बसला होता. नजर रस्त्यावर, पाठ माझ्याकडे. मी मात्र दोन्हीकडे पाहू शकतो. मी पाहिलं, डावीकडून अंबाबाई आत शिरल्या. पदराखाली विळा होता. थोड्या वेळानं उजवीकडून भाऊराव आले, धोतर सावरत, वाकून. मागोमाग अमोल, हातात परिषदेची पिशवी. मी गज आवळून उभा होतो, पण बगलेतून जाणाऱ्याला दरवाजा काय करणार?

आणि गंमत पाहा, मेढ्याला शोभेल अशी भरदार फांदी असलेला पळस वाटेजवळ एकच होता. तिघंही तीन बाजूंनी त्याच झाडाशी पोचले.

"अंबाबाई, तुम्ही?" भाऊराव दचकून म्हणाले.

"मी पाहाले आली, कोणी फांद्या तोडून तं नाही राहिलं," अंबाबाई म्हणाल्या. "अन् तुम्ही?"

"मीबी तेच पाहून राहिलो."

"अन् हा अमोल पिशवी घेऊन पाहून राहिला?"

"पिशवी ऑफिसची आहे, मॅडम," अमोल म्हणाला. तेवढ्यात पिशवीतून कोयत्याचं टोक बाहेर आलं.

एवढ्यात झाडामागून करुणाताई पुढे आल्या. त्या तिथेच बसल्या होत्या. "मी पाहूनच राहिली होती," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी मेढा नसतो. मी तुमालेच पकडाले आली."

मग जो गोंधळ माजला! प्रत्येकाचं म्हणणं एकच. "मी तं एकच फांदी नेणार होतो." "माहीबी एकच." "एका फांदीनं काय होते, बापा?" आरडाओरडा ऐकून कवडू ताडकन उठला. पण तो बाजूनं जाणारा माणूस नव्हे. त्यानं किल्ली काढली, कुलपाशी झटला, मला उघडलं, आत येऊन मला पुन्हा लावलं आणि मगच काठी उगारून धावला. समोर पाहतो तर सगळी समिती हजर, हत्यारांसकट. तो काठी खाली करून म्हणाला, "बैठक आहे का? मले निरोप नाही भेटला."

अंबाबाई मटकन खाली बसल्या. "माहीच विहीर, अन् मीच विळा घेऊन आली," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "पण दारात मेढा नसला तं जीवाले लागते ना माय. घरातली पिडा जाईन कशी?"

करुणाताईंनी विचारलं, "मेढा घराले लावता का दाराले?"

"दाराले."

"मंग हे काय आहे?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, सगळ्यांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कवडूशिवाय पहिल्यांदाच कोणी न हसता पाहत होतं. मी उगाच अंग ताठ केलं.

ठरलं ते असं. साऱ्या मोरखाप्याचा एकच मेढा, आणि तो या दरवाज्याला. अंबाबाई त्याच संध्याकाळी घरोघर फिरल्या. "ज्याच्या दारी वेगळी फांदी दिसली त्याच्या घरी मी पाय ठेवणार नाही," असं त्यांनी बजावलं. काहींना ही धमकी जरा सोयीचीच वाटली. तेव्हा त्यांनी जागच्या जागी एक नवी गोष्ट तयार केली. "अन् मेढा बांधलेल्या दाराच्या बाजूनं जो जाईन, त्याच्या मागं साऱ्या गावाची पिडा लागन!" मोरखाप्यात असा नियम कधीच नव्हता. पण अंबाबाईंनी अशा आवाजात सांगितला की म्हाताऱ्यांनासुद्धा तो आठवला.

पोळ्याच्या दिवशी कवडूनं एक फांदी उतरवली आणि माझ्या गजांना बांधली. बायकांनी मला कुंकू लावलं. सजवलेले बैल माझ्यासमोर आणून उभे केले. दिवसभर माणसं आली ती माझ्यातून आली, गेली ती माझ्यातून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या बिजागऱ्या ठणकत होत्या. असं सुख मला कोंडवाड्यातही मिळालं नव्हतं, हे आज स्पष्ट सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेढा सोडला आणि पिडा वाहून नेणाऱ्या मारबतीच्या नावानं गाव ओरडत निघालं, "इडा घेऊन जाय, पिडा घेऊन जाय, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" नेमकी त्याच वेळी समोर जीप थांबली आणि साहेब उतरले. हातवारे करत अंगावर येणारी गर्दी पाहून ते परत जीपमध्ये चढू लागले.

"ये लोग किसको भगा रहे हैं?" त्यांनी विचारलं.

"बीमारी को, सर," अमोल म्हणाला. "आपको बिल्कुल नहीं."

साहेबांना धीर आला. ते टेकडीकडे निघाले, आणि चांगला मोकळा रस्ता पाहून माझ्या बाजूनं आत जाऊ लागले. तोच सगळं गाव एका आवाजात ओरडलं, "साहेब, दारातून!" सगळ्यात मोठा आवाज होता भाऊरावांचा. हे गृहस्थ उद्घाटनाच्या दिवशीही माझ्यातून गेले नव्हते.

साहेब चमकून मागे फिरले. कवडूनं मला सताड उघडलं. साहेब आत गेले, टेकडी फिरले, भरलेले पळस पाहिले, पिल्लांसह चाललेली लांडोर पाहिली. खाली येऊन अंबाबाईंच्या विहिरीत डोकावले. मग म्हणाले, "यहाँ तो बाड़ भी नहीं है, फिर भी सब लोग दरवाज़े से जाते हैं! टेकड़ी आरक्षित रहेगी."

गावानं जल्लोष केला. तो ओसरायच्या आत साहेब पुढे बोलले, "और बाड़ की तो अब कोई ज़रूरत ही नहीं." जल्लोष जरा अडखळला. कुंपण गेलं ते कायमचंच गेलं. भाऊराव माझ्याकडे पाहू लागले, जणू माझीच चूक.

मला मात्र त्याचं काही वाटलं नाही. गर्दी पांगल्यावर अंबाबाईंनी विहिरीचं पाणी शेंदलं, कळशी आणून माझ्या पायाशी ओतली आणि माझ्यावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना गप्प राहिलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मित्रांनो, तुमच्याही गावाजवळ एखादी टेकडी असेल, तळं असेल, चार झाडं असतील. त्यांना सांभाळा. तोडणाऱ्याला आपली फांदी एकच वाटते, झाडाला मात्र सगळ्यांच्या द्याव्या लागतात. म्हणून हात वर करण्याआधी झाडाच्या पलीकडे एकदा वाकून पाहा. तिथे तुमच्यासारखंच कोणीतरी विळा लपवून उभं असेल.