मच्छिंद्रच्या पायाचं भोक

वाटूरच्या क्रिकेट टीमनं कधी मोठा कप आणला नाही, पण काटकसरीत त्या पोरांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. सिमेंटच्या पिचवर अंथरायची काथ्याची मॅट त्यांनी वर्षानुवर्षं पुरवली. उसवली की बारदान शिवायच्या दाभणानं टाके घालायचे अन् पुन्हा खेळायला मोकळे. एका भोकापुढं मात्र दाभणानं हात टेकले होते. ते मच्छिंद्रचं. बॉल टाकताना तो पुढचा पाय असा आपटायचा, की काथ्या तुटून खालचं सिमेंट दिसायचं. पोरं त्याला शिव्या घालायची आणि पुढची ओव्हर त्यालाच द्यायची.

मागल्या पावसाळ्यात मच्छिंद्र काविळीनं गेला. आई सगुणाबाई एकटी उरली. त्याचे कपडे रिवाजाप्रमाणे देऊन टाकले होते. फोटो काढू काढू म्हणताना राहूनच गेला. घरात त्याचं म्हणून एक ताट तेवढं होतं. त्यात जेवणारं कुणी नसलं, तरी ती रोज ते घासून पालथं घालायची.

पोरगा होता तेव्हा "खेळून पोट भरतं का रे?" म्हणून तिनं त्याला उभा-आडवा घेतला होता. मैदानाकडं एकदाही फिरकली नव्हती. एके दिवशी पिठाच्या गिरणीत कुणीतरी सहज म्हणालं, "मच्छिंद्रनं पायानं पाडलेलं भोक काय मिटलं न्हाई बगा कधी." सगुणाबाई दळण तिथंच ठेवून निघाली. लेकाच्या पायाची खूण जगात कुठंतरी आहे, हे तिला आजच कळत होतं.

धर्मराज म्हणजे टीमचा कप्तान, मच्छिंद्रचा जिवलग. ती गेली तेव्हा तो घराच्या ओट्यावर बसला होता.

"धर्मराज, बाबा, तुमच्या मॅटचं ते भोकाचं टोक मला दे. दुसरं काई न्हाई मागत."

"मावशी, ती मॅट तर दिवाळीच्या आधीच काढली. जालन्याहून नवी आणली न्हाई का?" धर्मराज म्हणाला, आणि सवयीनं त्याच्या आवाजात ऐट आली. "पण एक धागा वाया जाऊ दिला न्हाई. मधला तुकडा प्रॅक्टिसला ठेवला. कडंची पायपुसणी केली. एक शाळेत दिलं, एक देवळात."

"अन् भोकाचं टोक?"

भोकाचं पायपुसणं कोण घेणार? धर्मराजची ऐट उतरली. "ते घरी आणून टाकल्तं. आईला इचारतो."

त्याची आई नंदाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "ते व्हय? ते मी उसवलं. घासणीला लई बेस काथ्या. गल्लीत समद्यांना वाटला." एवढं बोलून ती थबकली. मग हळू आवाजात म्हणाली, "सगुणाबाई, तुमाला बी दिल्ता की. दिवाळीच्या भांड्याला."

सगुणाबाईला बराबर आठवलं. तिनं त्या काथ्याचं किती कौतुक केलं होतं! असली घासणी बाजारात मिळत न्हाई, असं म्हणाली होती. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ ती त्यानंच भांडी घासत होती. मच्छिंद्रचं ताटसुद्धा.

"मावशी, शाळेतलं पायपुसणं आणून देऊ का?" धर्मराज ओट्यावरून उतरून चपला घालू लागला. "त्याच मॅटचं हाय."

"त्याच्यावर त्याचा पाय कुठं हाय रे?" ती म्हणाली आणि जायला वळली. नंदाबाईनं तिचा हात धरला, तो तिनं हळूच सोडवला. राग कुणावर धरायचा? कुणी काही वाईट केलंच नव्हतं.

घरी आल्यावर ती तडक मोरीत गेली. कोपऱ्यात काथ्याची चिमूट उरली होती. ती उचलून तिनं नाकाशी धरली. राखेचा वास आला, आंबलेल्या चिंचेचा आला. लेकाचा काही आला नाही. मग मात्र तिचा बांध फुटला. त्याला पोचवून आल्यावरही ती अशी रडली नव्हती. तेव्हा त्याला देवानं नेलं होतं. हे तिनं आपल्या हातानं घासून घालवलं होतं, आणि वर लख्ख निघालं म्हणून खूशही झाली होती.

रडून झाल्यावर तिनं चिमूट पदराच्या गाठीत बांधली. सकाळची भांडी तशीच पडली होती. तिनं मूठभर राख घेतली आणि मच्छिंद्रचं ताट नुसत्या तळहातानं घासायला बसली.