हिरव्या फॉर्मवरची तिसरी ओळ

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माइक माझ्या नवऱ्याच्या हातात, आणि स्टेजवरच्या गुबगुबीत खुर्चीत माझा मोठा भाऊ. दादा खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठे दुमडतो. चाळिशी उलटली तरी त्याच्या बुटाची नाडी मीच बांधते. पण कुठलीही तारीख सांगा, वार तो चुटकीसरशी सांगतो. आणि एकदा वाचलेला कागद वर्षानंतरही स्वल्पविरामासकट म्हणून दाखवतो.

"भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळांची कपाटं या मस्तकात उघडी आहेत," नवरा सांगत होता. "तुम्ही तोंड उघडण्याआधी तुमचं दुःख इथं पोचतं."

एक शिक्षिका नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन पुढे आल्या. दादा छताकडे बघत म्हणाला, "मुलीला फिट येते. पहिली दोन वर्षांपूर्वी, चौदा मार्चला. गुरुवार होता."

बाईंनी हात जोडले. नवरा लगेच म्हणाला, "गोळ्या आजपासून बंद. येत्या मंगळवारी आजार उतरेल."

मी शिवणकाम करते. शेजारच्या मशीनवरच्या मुलीनं अशाच गोळ्या एकदम सोडल्या होत्या; तिचं पुढं काय झालं ते मी पाहिलंय. इतके दिवस सगळं माहीत असून मी गप्प होते. आता स्टेजवर चढले.

"दादा, चौदा मार्च तुला कसं कळलं?"

"वाचलं. काल नंबरासाठी भरलेल्या हिरव्या फॉर्मवर. तिसरी ओळ. 'झटका'चं 'झटाका' झालंय. मी मेहुण्यांना सांगितलं होतं, दुरुस्त करा."

"घाईत लिहिलं होतं," बाई पुटपुटल्या.

"आणि मंगळवारी काय होणार?"

"बावीस तारीख."

"आजार बरा होईल?"

"ते कागदावर नाही."

"हिला बरं नाहीये," नवरा माइकवर म्हणाला. मी हॉलला विचारलं, "फॉर्म न भरलेलं कुणी आहे?" शिडीवरच्या माणसानं हात वर केला. "मी पंखा दुरुस्त करायला आलोय."

दादानं त्याला नीट न्याहाळलं. "यांचं वाचलं नाही."

मागं कुणीतरी हसलं, मग बरेच जण. नवरा दातओठ खात म्हणाला, "घरी चल, मग बघतो."

"मी घरी येत नाहीये. दादाला घेऊन आईकडे चाललेय." मग मी माइक घेतला. "माझा भाऊ लबाड नाही आणि देवही नाही. काहींचा मेंदू जन्मतः असाच असतो, असं डॉक्टरांनी आम्हाला त्याच्या लहानपणीच सांगितलंय. एक बाजू अफाट, बाकीच्या कच्च्या. त्यानं वाचलेलं त्याला आठवतं. न वाचलेलं कुणालाच आठवत नाही, आणि उद्याचं तर अजून घडलेलंच नाही."

शिक्षिकेनं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "सकाळची राहिलीय," त्या म्हणाल्या. पंखेवाल्यानं पाण्याची बाटली दिली.

तेव्हा वार हवा असेल तर माझ्या भावाला विचारा. औषध डॉक्टरला विचारा. आणि कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी एवढंच आठवा, की ते तुम्ही कुठे लिहून दिलं होतं.