पुढचं डावं चाक

टायरवर नक्षी भरपूर होती. वर्लीन हॅस्केटने खाचेत नाणं उभं घालून पाहिलं, ते जवळजवळ बुडालं. एवढ्यावर समाधान मानणारे लोक त्या राहत्या गाड्यांच्या कॅम्पमध्ये पुष्कळ होते. वर्लीनने मोटारहोमखाली गालिच्याचा तुकडा सरकवला आणि पाठीवर झोपून आत शिरली. टायर कधी तयार झाला ते एकाच बाजूला कोरलेलं असतं, आणि या टायरांवर ते बाहेरून कुठेच दिसत नव्हतं. तिने हात लांब करून फोनने फोटो काढले. प्रत्येकावर चार आकडे होते, ३४१२. म्हणजे २०१२ सालचा चौतिसावा आठवडा. आता २०२४चा मार्च सुरू होता, आणि नक्षी कितीही शाबूत असली तरी रबर वयाने आतून सुकतं आणि टायर चालत्या गाडीत फुटतो.

तिचा नवरा ओरिन सावलीत घडीच्या खुर्चीवर बसला होता. नोव्हेंबरमध्ये अर्धांगाचा झटका येऊन त्याचा उजवा पाय आणि हात कमजोर झाले. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केली. त्याआधी एकोणीस वर्षं गाडी त्यानेच चालवली आणि टायरही त्यानेच निवडले.

"काय म्हणतायत टायर?"

"बारा साली जन्मलेत. तू म्हणाला होतास, सतरा साली नवे घेतले."

"माझ्यासाठी नवेच होते."

"आणि आकडे सगळे आतल्या बाजूला कसे?"

"बसवणाऱ्याने बसवले तसे."

"सहाच्या सहा?"

ओरिनने कॉफीच्या कपात पाहिलं. "मीच सांगितलं त्याला. तू कॅम्पभर लोकांच्या टायरचे आकडे वाचत हिंडायचीस. आपले वाचले असतेस तर परत करायला लावले असतेस."

"लावलेच असते."

"म्हणून तर."

भांडायला वेळ नव्हता. आयडाहोतल्या धरणाकाठच्या कॅम्पवर यजमान म्हणून त्यांना पंधरा एप्रिलपर्यंत हजर व्हायचं होतं. आल्यागेल्यांची नोंद करायची, शौचालयं साफ ठेवायची. बदल्यात ऑक्टोबरपर्यंत जागा, वीज आणि पाणी फुकट. वेळेवर पोचले नाहीत तर यादीतलं पुढचं जोडपं येणार होतं. नेब्रास्कातलं घर त्यांनी केव्हाच विकलं होतं, ही गाडी हेच घर. फिनिक्सला राहणारी मुलगी जोलीन म्हणत होती, गाडी विकून टाका आणि आमच्या मागच्या खोलीत या. त्यावर ओरिन "बघू" म्हणाला होता. ओरिनचं बघू म्हणजे हो असतं, हे वर्लीनला ठाऊक होतं.

नामांकित कंपनीच्या सहा टायरांना एकेचाळीसशे डॉलर सांगितले होते. डिझेलचे पैसे बाजूला काढून त्यांच्याकडे बावीसशे होते.

शेजारच्या गाडीतला क्लाइड बर्डिक बातमी लागल्यासारखा दुपारी आला. त्याच्याकडे काढून ठेवलेले सहा टायर होते. सातशेत देतो म्हणाला.

"जन्मसाल?" वर्लीनने विचारलं.

"सोळा. पण पांढरी कव्हरं घालून ठेवलेत. ऊन म्हणून दाखवलेलं नाही."

"कव्हर घालून वय थांबत नाही, क्लाइड. तू पण रोज टोपी घालतोसच की."

ओरिन खूप दिवसांनी मोठ्याने हसला. क्लाइडने टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी गावाबाहेरच्या मैदानावर नेली. तिथे हौशी मंडळी दरवर्षी चार सपाट वजनकाटे मांडून एकेका चाकावरचा भार मोजून देत. ट्रकच्या काट्यावर फक्त आसाचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांचं मिळून, वजन कळतं. बहुतेक लोक त्याचे दोन भाग करतात आणि मोकळे होतात. ओरिनचाही हिशेब एकोणीस वर्षं तसाच होता. पुढचा आस दहा हजार शंभर पौंड, म्हणजे चाकाला पाच हजार पन्नास. काट्याने वेगळंच सांगितलं. उजव्या चाकावर चार हजार सहाशे वीस, डाव्यावर पाच हजार चारशे ऐंशी. वर्लीनने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

शुक्रवारी ते नदीपलीकडच्या ब्लाइथ गावात गेले. रुबेन ओकान्याचं ट्रकच्या टायरांचं दुकान तिथे होतं. नव्या ट्रकचे टायर मालकाला पसंत नसले तर तो लगेच बदलून घेतो, आणि उतरवलेले कोरे टायर निम्म्या किमतीत विकले जातात. रुबेनकडे असे सहा टायर होते. जन्म गेल्या नोव्हेंबरचा, नग दोनशे दहा. बसवणावळ वेगळी, एकशे ऐंशी.

रुबेनने भाराचा तक्ता उघडला. "पुढे एक टायर पाच हजार दोनशे पाच पौंड पेलतो. दोन्ही मिळून दहा हजार चारशे दहा. तुमचा आस दहा हजार शंभर. आरामात जाल, बाई."

"घेऊन टाक," ओरिन म्हणाला. "सातशेच्या वर उरतायत."

वर्लीनने चिठ्ठी काउंटरवर उलगडली. "डाव्या चाकावर पाच हजार चारशे ऐंशी आहेत. तुझा टायर दोनशे पंच्याहत्तर पौंड कमी पडतो."

"सगळे असंच चालवतात," रुबेन म्हणाला.

"सगळे माझ्या नवऱ्याला बसवून डोंगर चढत नाहीत. हे चार मागे घाल, तिथे जोडीजोडीने भार वाटला जातो आणि आकडा बसतो. पुढे एक पायरी जास्त भार पेलणारे दाखव."

तसा टायर नगाला पाचशे पासष्टचा होता. रुबेनने बेरीज केली, एकवीसशे पन्नास.

"पन्नास उरले," ओरिन म्हणाला. "वाटेत काही मोडलं तर?"

"मोडलं तर थांबू. पुढचा टायर फुटला तर थांबणं आपल्या हातात राहणार नाही."

तो बाकावर बसला. काठी त्याने गुडघ्यांमध्ये धरली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वर्ली, जोलीनकडे जाऊ या. डोंगरात ही गाडी तू कधी चालवलेली नाहीस."

"तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. बर्फात. मागे चाळीस पोरं बोंबलायची. तू एकटाच आहेस."

"मग इतकी वर्षं मला कशाला चालवू दिलीस?"

"तुला हौस होती म्हणून."

रुबेन तक्त्यात डोकं घालून हसू दाबत राहिला. वर्लीनने पैसे मोजून दिले.

टायर चढवायला अडीच तास लागले. तोवर तिने काट्यावरच्या भारावरून प्रत्येक आसाला हवा किती ते तक्त्यात पाहून कागदावर लिहिलं आणि कागद ओरिनला दिला. हवा मोजायचं मापक त्याच्याजवळ होतंच. तो काठी टेकत गाडीभोवती फिरला. डाव्या हाताने मापक नळीवर बसवायला प्रत्येक वेळी दोनतीन प्रयत्न लागत होते. रुबेन मदतीला पुढे झाला, तेव्हा वर्लीनने मानेनेच नको म्हटलं.

"मागचा उजवा, आतला," ओरिन शेवटी म्हणाला. "चार पौंड कमी आहे. भर."

रुबेनने हवा भरली. ओरिनने पुन्हा मोजली आणि कागदावर वेड्यावाकड्या अक्षरात आकडा लिहिला.

वर्लीन चालकाच्या जागेवर बसली आणि तिने आयडाहोच्या कॅम्पला फोन लावला. तिकडच्या बाईने पहिल्यांदा हेच विचारलं की येताय ना, कारण दुसरं जोडपं रोज फोन करतंय.

"त्यांना दुसरीकडे बघायला सांगा," वर्लीन म्हणाली. "आम्ही बारा एप्रिललाच पोचतो."

ओरिनने शेजारच्या जागेवर बसून पट्टा डाव्या हाताने ओढला. तो लागायला थोडा वेळ गेला. वर्लीन थांबली, आणि पट्टा लागल्यावर तिने गाडी सुरू केली.