मेलेल्याचं बारसं

रावसाहेब, मला तुम्ही मारलंत. दर्यानं नाही, बसऱ्याच्या तापानं नाही. तुम्ही.

विसरला असाल. लढाईच्या दुसऱ्या साली तळेगावच्या बाजारात ताशा वाजवून तुम्ही खुर्चीवर उभे राहिलात आणि ओरडलात, "अरे, विहिरीतल्या बेडकांसारखे कुजता काय? मुलूख बघा! दर्या ओलांडा! हिंडल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही." मी बैल विकायला आलो होतो. बैलाचा कासरा भावाच्या हातात दिला आणि मजुरांच्या पलटणीत नाव घातलं. आमच्याच वराळ्याच्या महारवाड्यातल्या रखमाजीनंही घातलं.

दर्यापार बसऱ्याच्या बंदरात आम्ही बोटींतून पेट्या उतरवायचो. तिथं मला ताप भरला. माझ्या जातीचे होते ते आपली वळकटी उचलून दुसऱ्या तंबूत गेले. रखमाजी राहिला. त्यानं आपल्या थाळीतली पेज आपल्या हातानं माझ्या तोंडात घातली. पहिला घास मी थुंकला. दुसरा गिळला. तुम्ही म्हणत होता ते शहाणपण त्या दुसऱ्या घासाला सुरू झालं, रावसाहेब. बरा झाल्यावर त्यानंच पेटीच्या फळीवर कोळशानं अक्षरं काढून मला गिरवायला लावली. हे लिहितोय ती त्याचीच देणगी.

इकडं गावात आवई उठली की बोट बुडाली, महिपती गेला. खात्री कोण करतो? घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधला, त्याला माझं नाव दिलं आणि इंद्रायणीच्या काठी जाळला. माझ्या बायकोच्या, झुंबरबाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

आणि मी चालत गावात आलो.

झुंबर दारात आली. रडली नाही. हात तेवढा कपाळाकडं गेला आणि तसाच खाली आला. आई आतून किंचाळली, "उंबरा वलांडू नगं रं! तुजं दिवस घातल्यात आमी!"

मी गोठ्यात राहिलो. भटजींनी तोड सांगितली. दिवस घातलेला माणूस पुन्हा जन्मल्याशिवाय घरात घेता येत नाही. तुपा-पाण्यानं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मग त्याच बायकोशी नव्यानं लगीन लावायचं. मिशीवाल्या बाप्याचं बारसं! भाकरी ठेवायला आलेली झुंबर पदरात तोंड घालून हसली.

"आन् टोपडं कुनी शिवायचं?"

"तूच शीव. माप घे."

"कुंची लागंल, कुंची! पोत्याची करावी लागंल एवढ्या टकुऱ्याला."

तिला हसताना मी किती वर्षांनी बघत होतो. दुसऱ्याच दिवशी तिनं कासाराला बांगड्यांचा निरोप धाडला.

पण त्याआधी चावडीत पंच बसायचे होते, आणि मधे तुम्ही. वाटेत माझ्यासोबतच परतलेला रखमाजी भेटला. बसऱ्यात मला मैप्या म्हणणारा तो, गावात पाटील म्हणायला लागला होता. "पाटील, त्ये पेजेचं इचारतील. न्हाई म्हना. माजं काय जातंय? वैनीच्या कपाळाकडं बगा." झुंबरही निघताना म्हणाली होती, "एक डाव खोटं बोला, धनी. देवाला मी सांगंन, माज्यापायी बोलले म्हून."

मी नाही म्हणायचं ठरवूनच बसलो होतो. खरं सांगतो.

तुम्ही विचारलंत, "महिपती, दर्यापार हलक्या हातचं काही खाल्लं नाहीस ना?" मी तोंड उघडलं, तोच तुम्ही पंचांकडं बघून हसलात. "छे! मी ओळखतो याला. महाराच्या हातचं खाण्यापेक्षा हा मेला असता."

मी म्हणालो, "मेलोच असतो. त्याच्या हातचं खाल्लं म्हणून हितं बसलोय."

पंचांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मान हलवलीत. संपलं. असल्याला जन्म मिळत नाही, जातीत नाही आणि घरातही नाही.

कासार गोठ्यावरूनच माघारी गेला. संध्याकाळी झुंबरनं उघड्या कपाळानं भाकरी आणली. लांबून सरकवली.

"तुमी शाणं झालासा," ती म्हणाली. "माजं काय झालं?"

मी भाकरी हातात घेऊन बसलो.

परवा लोणावळ्याला तुमच्या चिरंजिवांचा सत्कार होता. विलायतेहून शिकून आले म्हणून. मी मागं उभा होतो. तुम्ही तेच भाषण केलंत. प्रवासानं मन मोठं होतं, माणूस घडतो. टाळ्या झाल्या. भटजींनी हार घातला, तेच भटजी. मी ओरडून विचारलं, "धाकटे साहेब तिकडं कुणाच्या हातचं जेवले?" तुमच्या शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मेलेला माणूस असा धरता येतो, हे त्याला कसं कळलं?

म्हणून लिहितोय. तुमच्या पोराचा दर्या गोड आणि माझा विटाळलेला, असं कुठं ठरलं? आम्हाला हिंडायला धाडलंत तेव्हा शहाणं होऊन परत यायचं नव्हतं, तर बाजारात तसं बोलायचं होतं. मी बैल विकून घरी गेलो असतो.

झुंबर रोज भाकरी ठेवते आणि उभी राहते. पुन्हा विचारत नाही. नुसती उभी राहते. तिचा नवरा जिवंत आहे का मेला? मला नका सांगू. वराळ्याला या, गोठ्यापुढं उभे राहा आणि तिच्या कपाळाकडं बघून उत्तर द्या.