मधल्या दारापर्यंत

"दोघांनाही आत नाही नेता येणार," फादर अनेस्तिस म्हणाले. "मुलाला नेईन. मुलीला मधल्या दारापर्यंत."

आमचा मासळीवाला ज्या सुरात 'आज सार्डिन नाहीत' म्हणतो, त्याच सुरात ते हे म्हणाले. मी फोन खांद्यात धरून बाटल्या उकळत होते. जुळ्यांना चाळीस दिवस होत आले होते, आणि चाळिसाव्याला आई बाळाला घेऊन पहिल्यांदा चर्चची पायरी चढते. फादर बाळाला उचलून गाभाऱ्यात नेतात, वेदीभोवती फिरवून आणतात. मुलगा असेल तर. मुलगी असेल तर गाभाऱ्यापुढच्या, संतांच्या चित्रांच्या भिंतीतल्या मधल्या दाराशी थांबायचं, तिला पायरीवर ठेवायचं, आणि आईने वाकून परत उचलायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि आपल्या पोरीबद्दल ऐकणं वेगळं.

"का पण?" मी विचारलं.

"प्रथा आहे, मिर्सिनी."

"माझ्या मावसबहिणीच्या मुलीला पिरेअसला आत नेलं की."

"पिरेअसमध्ये काय काय चालतं ते मला सांगू नकोस. शनिवारी वेळेवर ये, आणि पोरांना दूध पाजून आण. उपाशी पोरं फार रडतात."

माझी मुलगी दुसरी आली, आणि आली ती न रडता. किती तरी दिवस ती काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, छातीचा भाता आत-बाहेर. एकेक श्वास भांडून घ्यायची. मी काचेला कपाळ टेकून तिचे श्वास बघत बसायचे. मुलगा तेव्हा घरी माझ्या सासूबाईंच्या मांडीवर ढेकर देत होता. त्याचा काही दोष नाही, गुणी आहे तो. पण कुणाला आत नेऊन देवाला दाखवायचं असेल, तर जी देवाच्या दारातून परत आली तिला आधी, इतकं साधं होतं माझं म्हणणं.

रात्री जेवताना मी ते बोलून दाखवलं. माझा नवरा स्त्रातोस ब्रेडचा तुकडा तेलात बुडवत म्हणाला, "अगं, दोन मिनिटांचं काम. कुणाला आठवणार आहे पुढे?"

"मला."

"तुला काय, तुला मी लग्नाआधी फेरीबोटीवर काय म्हणालो होतो तेही आठवतं."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन दुलया विणून ठेवल्या होत्या. निळीला सोन्याचा छोटा क्रूस टाचलेला. गुलाबीला नजर लागू नये म्हणून काचेचा मणी, तोही बंदरावरच्या दुकानातला. मी त्या दोन दुलयांकडे बघत राहिले. बाप्तिस्मा होईपर्यंत आमच्याकडे पोरांना नाव नसतं, मुलगा तो बेबिस आणि मुलगी ती बेबा, बस्स. म्हणजे शनिवारी फादरांच्या हातात नावं नसणार, फक्त रंग असणार होते.

शनिवारी समुद्रावरून बोचरं वारं सुटलं होतं. पानागियाचं, म्हणजे मेरीमातेचं, चर्च अगदी धक्क्यावर, फेब्रुवारीत लाटांचे तुषार दारापर्यंत येतात. स्त्रातोस मेणबत्त्या घ्यायला आत गेला. सासूबाई धुतलेले वेदीचे कपडे द्यायला बाजूच्या दाराकडे गेल्या. त्या दारातून कपडे आत जातात, सासूबाई जात नाहीत. मी गाडीच्या मागच्या सीटवर पोरांना शेवटचं पाजत होते.

हात थरथरले असतील असं वाटेल कुणाला. नाही थरथरले. रागाने माणसाचे हात फार नीट चालतात. गुलाबी सोडली, निळी सोडली, टोपड्यांची अदलाबदल केली, क्रूस वर दिसेल असा फिरवला. बेबाने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मिटला.

सासूबाईंनी येताच निळी दुलई उचलली, अर्थातच. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"हलका वाटतोय गं आज."

"ओकला मघाशी."

"सगळं?"

"सगळं, आई. चला, वारं लागतंय त्याला."

आत धुपाचा धूर साचला होता. दार सताड उघडं होतं, थेट पोरांच्या अंगावर झोत. गाणारा म्हातारा थेमेलिस रुमालात खोकत होता, आणि त्याच रुमालाने त्याने पानागियाच्या चित्रावरची काच पुसली. सगळे त्या काचेचं चुंबन घेतात. मी तोंड न लावता नुसती मान झुकवली. सासूबाईंच्या नजरेतून तेही सुटलं नाही.

फादरांनी ओसरीत माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हटली. बाळंतपणाची मलिनता धुऊन जावी वगैरे. मी खाली मान घालून ऐकलं. टाके अजून ओढत होते आणि मलिन कोण होतं, ते मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मग त्यांनी गुलाबी दुलई माझ्याकडून घेतली, मधून चालत गेले, दाराशी आले आणि वाकून बाळाला पायरीवर ठेवलं. पायरीवर एक पातळ लाल कापड, खाली संगमरवर. मी पुढे झाले तर म्हणाले, "थांब. आधी मुलाला आणतो, मग दोघांना एकदम घे."

त्यांनी सासूबाईंकडून निळी दुलई घेतली आणि ते आत गेले. पडदा हलला. माझी मुलगी आत होती.

मला वाटलं होतं, आता छातीवरचं ओझं उतरेल. क्षणभर उतरलंही. मग पायरीवरून आवाज आला. आधी कुरकुर, मग हुंदका, मग तो तोंड फाडून रडायला लागला. पाय झाडले तशी दुलई सुटली, एक तळवा उघडा पडला, दगडावर. सगळं चर्च बघत होतं. थेमेलिसने गाण्याची पट्टी वाढवली, रडणं झाकायला. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "असू दे. मुलगी आहे, रडते."

हे तिच्यासाठी ठरलं होतं. हाच दगड, हाच झोत, हेच 'असू दे'. मी ते फक्त उचलून दुसऱ्यावर टाकलं होतं. फादरांची चालच मी खेळले होते, त्यांच्याच नियमाने, आणि माझं पोर गारठत होतं.

मी गेले आणि त्याला उचललं.

फादर त्याच वेळी बाहेर आले. "मी थांब म्हटलं होतं."

"फादर, तुमच्या हातात मुलगी आहे."

गाणं बंद पडलं. ते माझ्याकडे, मग दुलईकडे बघत राहिले. टोपडं जरा मागे सारून त्यांनी तोंड बघितलं, जणू तोंडावर लिहिलेलं असतं.

"मग पायरीवर कोण होतं?" थेमेलिसने विचारलं.

"तू गप," फादर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "देवाशी चेष्टा करतेस?"

"देवाशी नाही. आत रडली का ती?"

त्यांनी टोपडं परत पुढे ओढलं.

"रडली का?"

"झोपली होती."

"म्हणजे आत कुणाला अडचण झाली नाही. आता हा गारठलाय. मुलांना आत नेता ना, मग याला न्या. नाहीतर आत्ता, सगळ्यांसमोर सांगा की दोघांत कुणाला आत जागा नाही."

स्त्रातोसने माझं कोपर धरलं. मी झटकलं. फादर माझ्या बापाच्या वयाचे, त्यांनीच माझा बाप्तिस्मा केला आणि मलाही याच पायरीवर ठेवलं. मला वाटलं, आता हाकलतील. मग त्यांनी बेबाला माझ्या एका हातात दिलं, दुसऱ्या हातातून मुलाला घेतलं आणि आत गेले. प्रार्थना इतक्या भरभर म्हटली की थेमेलिसला 'आमेन' गाठता येईना. बाहेर आले, बाळ स्त्रातोसकडे दिलं, माझ्याकडे नाही.

"बाप्तिस्म्याला दुसरं चर्च बघ," ते म्हणाले.

"बघते."

अंगणात सासूबाईंनी मिठाईचा डबा उघडलाच नाही. 'जगू देत, आयुष्य लाभू दे' म्हणायला आलेली माणसं डब्याकडे बघून आपोआप पांगली. स्त्रातोस मुलाला घेऊन गाडीकडे सटकला. तो अशा वेळी नेहमीच गाडीकडे असतो.

"शोभा केलीस," सासूबाई म्हणाल्या.

"त्यांनी केली."

"मला शिकवू नकोस. माझ्या तीन मुली. तिघींना त्या दारातून परत घेतलं मी, वाकून, ओले टाके सांभाळत. धाकटीच्या वेळी पायरीवर पाणी सांडलं होतं, तिची पाठ भिजली. मी तोंड उघडलं? मी त्या वेदीचे कपडे धुते, इस्त्री करते, मेणाचे डाग नखाने काढते. आत ते कसे दिसतात हे मी अजून पाहिलं नाही. तू कोण लागून गेलीस गं?"

आता त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे माझ्यावर नव्हते. ते चर्चच्या दारावर होते. माझ्या लक्षात आलं तसा माझा राग विझला नाही, उलट त्याला आणखी एक घर मिळालं. तीन मुली, ओली पाठ, आणि मेणाचे डाग.

"तेव्हा कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आई," मी म्हणाले. "तुमच्या सासूने तरी."

"माझी सासू," त्या म्हणाल्या, आणि जमिनीवर थुंकल्यासारखं केलं.

मग त्यांनी बेबाला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. मी मान सांभाळा म्हणेपर्यंत त्यांचा तळवा मानेखाली गेलाही होता. निळी दुलई त्यांनी सोडली नाही, क्रूसही तसाच राहू दिला. धक्क्यावरून तरातरा चालायला लागल्या, वाऱ्याकडे पाठ करून, पोरीला छातीशी घट्ट धरून. मी मागे धावत होते.

कॉफीच्या दुकानाबाहेर जाळी दुरुस्त करत बसलेल्या झाफिरोने हाक मारली, "एवान्थिया, नातू का? जगू दे हो."

सासूबाई थांबल्या. भांडायला उभं राहावं तशा त्या झाफिरोसमोर उभ्या राहिल्या.

"नात," त्या म्हणाल्या. "आत जाऊन आली. काही म्हणायचंय?"