गीताबाईची गरी

गीताबाईला राग आला की ती आधी भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते. दवनीवाड्यातल्या तिच्या आळीत सकाळी राखेची खरखर जरा जास्त वेळ चालली, की शेजारची शामकला आपल्या नवऱ्याला बजावते, "आज तिकडं जाऊ नोका. बाई तापली हाय."

त्या दिवाळीत गुंडी, परात, तांबे, सगळं दोनदोनदा घासून झालं, तरी राग उतरेना. उतरणार कसा? समोर सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या आड्याला तोरण लटकत होतं, आणि ते तिनंच विणलेलं होतं.

तोरण धानाच्या लोंब्यांचं. हलका, लवकर येणारा धान पिकला की मजुरांच्या आधी गीताबाई बांधीत, धानाच्या खाचरात उतरायची. पहिल्या चार मुठी लोंब्या देठासकट कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायची आणि दुपारची कामं आवरली की सपरीत पाय पसरून विणायला बसायची. देठांची तिपेडी वेणी, वेण्यांची चौकट, आणि चौकटीखाली सोडलेल्या लोंब्यांची झालर. सासूनं एकदा दाखवलं होतं, बाकीचं तिचं तिनं वाढवलं. बत्तीस वर्षांत तिनं एक नमुना दुसऱ्यांदा केला नव्हता. आणि हे सगळं कुणासाठी, तर चिमण्यांसाठी. नव्या धानाला आधी पाखरांची चोच लागावी, मग माणसाचा हात, एवढाच त्यातला नेम. पंधरा दिवसांत चिमण्या दाणा न् दाणा फस्त करायच्या, आड्याला नुसत्या काड्या उरायच्या, आणि त्या काड्या बघून गीताबाईचं पोट भरायचं.

तिचा मुलगा हिमांशू गोंदियाला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी ते सोडून तो घरी आला आणि 'काहीतरी स्वतःचं' शोधू लागला. स्वतःचं काही सापडेना, तेव्हा त्याला आईचं सापडलं.

त्यानं तोरण विणणाऱ्या आईचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. तो नागझिऱ्याकडच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरनं पाहिला. धर्मेंद्र त्याचं नाव. त्यानं दीडशे तोरणांची ऑर्डर दिली. गीताबाई तेव्हा हरखली होती, खोटं कशाला बोला. आपल्या हातचं वाघ बघायला येणाऱ्या लोकांच्या दारावर लागणार म्हणून तिनं आळीत पेढेसुद्धा वाटले.

पण दीडशे तोरणं म्हणजे शौक नव्हे. सगळी एकाच मापाची हवीत, एकाच नमुन्याची हवीत. गावातल्या चार बाया बसवल्या आणि गीताबाई त्यांच्या मागं पट्टी घेऊन फिरू लागली. सून रीता प्रत्येक तोरणाला लाल फीत बांधायची आणि एक चिठ्ठी अडकवायची. चिठ्ठीवर गीताबाईचा भाचीच्या लग्नातला फोटो, दात दिसत असलेला, आणि खाली छापलेलं, 'गीता आजींच्या हातचं'. नातवाचा अजून पत्ता नव्हता आणि छापून आजी झाली होती. तेही तिनं गिळलं. पोराचं बस्तान बसतंय तर बसू दे म्हणाली.

यंदा मात्र दिवाळीच्या आदल्या दिवशी घरात वेगळाच वास आला.

"हे कायचा वास येऊन राहिला रे?" तिनं विचारलं.

"तोरणाले वार्निश मारली, आई," हिमांशू म्हणाला. हातात ब्रश, चेहऱ्यावर शोध लावल्याचं तेज. "फर्निचरवाली. आता दोन साल काई होत नाई. दाने गळत नाई, पाखरं चोच लावत नाई."

"चोच लावत नाई?"

"हो ना. मागच्या साली पाखरांनी खाऊन टाकले आन गेस्ट लोकांनी कंप्लेंट केली."

बकाराम, तिचा नवरा, तिथंच खाटेवर बसला होता. तीस वर्षं भजनात टाळ वाजवणारा, गळ्यात तुळशीची माळ असलेला माळकरी. घराबाहेर त्याच्या टाळांचा आवाज अर्ध्या गावाला जायचा, घरात त्याचा आवाज खाटेच्या पलीकडं जात नसे. त्यानं एकदा तोरणाकडं पाहिलं, एकदा मुलाकडं, आणि तंबाखू मळू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्या आल्या. त्यांना दरवर्षीची सवय. एक चिमणी लोंबीवर बसली, घसरली, पुन्हा बसली. तिनं दाण्याला चोच मारली, मग आड्याला चोच पुसली आणि उडून तारेवर जाऊन बसली. तिच्यामागं दुसरी आली, तिसरी आली. सगळ्या तशाच गेल्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा गीताबाईच्या दारातून पाखरं सणाच्या दिवशी उपाशी गेली.

गीताबाईनं परात खाली ठेवली. स्टूल घेतलं, तोरण उतरवलं, आत नेलं आणि चुलीत घातलं. वार्निशमुळं ते भसकन पेटलं.

रीता धावत आली. "आई, तो सॅम्पल होता."

"होता," गीताबाई म्हणाली.

त्यानंतर तिनं एकदा प्रयत्न करून पाहिला. दुपारी लोंब्या घेऊन बसली. बोटं आपोआप चालली, वेणी झाली, चौकट झाली. पण तिला चक्क जांभई आली. ज्या कामात जेवणाची शुद्ध राहत नव्हती, त्यात जांभई. तिला आधी नवल वाटलं आणि मग असा संताप आला की हातातलं अर्धं तोरण तिनं गोठ्यात म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं ते आवडीनं खाल्लं. निदान कुणीतरी खाल्लं.

घरात बसलं की त्या चार बाया, ती फीत, ती चिठ्ठी. म्हणून ती दुपारची शेतावर जाऊ लागली. शेताच्या वरच्या अंगाला त्यांची घरची बोडी होती, धानाला पाणी द्यायला खोदलेली, चार बाजूंनी पाळ घातलेली. शेजारी जुना गडी उदाराम याची झोपडी. तो तेव्हा मुलीकडं गेला होता. झोपडीच्या छपरात त्याची मासे धरायची गरी खोचलेली तिला दिसली. बांबूची काडी, नायलॉनचा दोरा, टोकाला गळ आणि तरंगायला मोरपिसाचा देठ.

तिचं माहेर सालेकशाकडचं. लहानपणी भावांच्या बरोबरीनं ती नाल्यावर गरी टाकायची. मग लग्न माळकऱ्याच्या घरात झालं आणि ते जे सुटलं ते सुटलंच. आज तिनं इकडंतिकडं पाहिलं, काडी ओढून काढली, पाळीची ओली माती उकरून एक गांडूळ धरलं आणि गळाला लावता लावता गळ स्वतःच्याच अंगठ्यात रुतवून घेतला. तिनं अंगठा चोखला, एक शिवी हासडली आणि गरी पाण्यात टाकली.

बसल्या बसल्या तिनं सगळ्यांचा उद्धार केला. हिमांशूचा केला, त्या न पाहिलेल्या मॅनेजरचा केला, फीत बांधणाऱ्या सुनेचा केला, तंबाखू मळणाऱ्या नवऱ्याचा तर सगळ्यात जास्त केला. मासे पळतील म्हणून सगळं मनातल्या मनात. मग मोरपिसाचा देठ एकदम बुडाला आणि शिव्या अर्ध्यावर राहिल्या. बोटभर मासोळी होती. गीताबाईनं ती हातात धरून नीट पाहिली आणि पाण्यात सोडून दिली. घरी येताना तिच्या लक्षात आलं की गेला तासभर तिला राग आठवलाच नव्हता.

ती रोज जाऊ लागली. कुठल्या कोपऱ्यात मरळ असते, ऊन कलल्यावर मासा कुठं सरकतो, हे तिला कळू लागलं. पण गावात गोष्ट लपते थोडीच. शामकलेनं पाहिलं, म्हणजे दवंडीच पिटली. माळकऱ्याची बायको मासे धरते.

त्या संध्याकाळी बकारामला खाटेवरून आवाज फुटला. "तुले काऊन हे सुचलं या वयात? माळकऱ्याच्या घरात गरी?"

"माळ तुमच्या गळ्यात हाय. माझ्या नाई."

"लोक हासून राहिले."

"मी खाऊन नाई राहिली. धरते आन सोडते."

"सोडतेस तं मंग धरतेस कायले?"

"तुमी टाळ वाजवता," गीताबाई म्हणाली, "ते का घरी आणून शिजवता?"

बकाराम तंबाखूच्या डबीकडं वळला. पण गीताबाईचं झालं नव्हतं. "माझ्यासाठी तोंड उघडते तुमचं. पोरगा माझ्या तोरणावर वार्निश मारत होता, तवा तुमची वाचा कोठी गेली होती? बत्तीस साल पाहून राहिले होते ना तुमी ते? एक शब्द नाई निघाला."

ती उठून भांड्यांकडं गेली.

चार दिवसांनी हिमांशू नव्या साडीची पिशवी घेऊन आला. रविवारी रिसॉर्टवर मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर गीता आजी बसून तोरण विणणार होत्या. सकाळी गाडी न्यायला येणार होती. हे सगळं ठरल्यावर तो आईला सांगत होता.

"कोनाले इचारून ठरवलं?"

"आता शब्द देऊन बसलो, आई."

"तू दिलास ना शब्द? मंग तूच जाऊन बस. साडीबी तूच नेस."

"असं नोको करू ना. माझ्यामुळं तुझं नाव झालं, एवढं तं पाय."

गीताबाईच्या टाळक्यात तिडीक गेली. "माझं नाव माझ्या बापानं ठेवलं होतं," ती म्हणाली. "तू जन्मायच्या आधीपासून होतं ते."

रविवारी गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा गीताबाई बोडीवर होती. तिला वाटलं होतं, गाडी येईल, वाट पाहील, जाईल. पण पाळीवरून दोन माणसं येताना दिसली. पुढं हिमांशू, मागं गोल टोपीवाला धर्मेंद्र. नेमका त्याच वेळी मोरपिसाचा देठ बुडाला. गीताबाईनं काडी उचलली तर चांगली हातभर मरळ. इतके दिवस ती जिच्या मागं होती, तीच. तिनं अलगद गळ काढला आणि मरळ पाण्यात सोडली.

तिला वाटलं, आता मॅनेजर रागावेल. त्याचं तोंड कसं होतं ते बघायला ती वळली. तर तो टाळी वाजवत होता.

"अरे वा, ये तो और बढिया है," तो हिमांशूला म्हणाला. "तोरण छोडो. फिशिंग विथ आजी. गेस्ट लोगों को यहीं लायेंगे. मांजी, एक बार फिरसे पकडिए, इधर देखके."

गीताबाईनं हिमांशूकडं पाहिलं. तो काहीतरी बोलेल, नको म्हणेल, अशी तिला अजून आशा होती. हिमांशूनं खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यावर धरला.

तिनं काडी खाली ठेवली. शेजारी ठेवलेला, उकरून आणलेल्या गांडुळांचा डबा उचलला, धर्मेंद्रजवळ गेली, त्याचा हात धरला आणि डबा त्याच्या तळहातावर पालथा केला. "धरा. गेस्टले दाखवा," ती म्हणाली. तो हात झटकत, उड्या मारत पाळीवरून जो उतरला तो थेट गाडीकडं.

मग ती मुलाकडं वळली. आवाज चढवला नाही.

"हिमांशू, माझ्यापाशी माझी म्हणावी अशी एक गोष्ट होती. ते तू नेली. मी देऊन टाकली, चुकी माझी. आता मले तिचा कंटाळा येते, रे. तुले समजते का? बत्तीस साल जे केलं त्याचा मले कंटाळा येते, आन हे तुझ्यामुळं झालं. आता हे दुसरी गोष्ट हाय. हिच्याले हात लावशील तं मी तुझी माय हाय हे विसरून जाईन."

हिमांशूनं मोबाईल खाली केला. "मंग मी का करू?" तो म्हणाला. तिशीतला बाप्या, पण आवाज शाळकरी पोरासारखा झाला होता.

"माझं सोडून काईबी कर," ती म्हणाली आणि गळाला नवं गांडूळ लावायला बसली. गांडुळं सगळी सांडली होती, तिला पुन्हा माती उकरावी लागली. पोराला असं बोलल्याचं वाईट वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचाच तिला राग येत होता.

दिवस कलल्यावर गरी खांद्यावर टाकून ती घरी आली. दारात पाऊल टाकलं तर आड्याला काहीतरी लटकत होतं. धानाच्याच लोंब्या, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या. तो अजून शेतात उभा होता, कुणीतरी ओंजळभर कापून आणला होता. वेणी नव्हती, चौकट नव्हती. सुतळीनं जुडी आवळून, एक बाजू लांब आणि एक आखूड, कशीबशी टांगलेली. तिच्यावर चार-पाच चिमण्या तुटून पडल्या होत्या. खाली अंगणात दाणे सांडत होते.

खाटेवर बकाराम बसला होता. गुडघ्यांवर तणसाच्या काड्यांचा कचरा आणि दोन बोटांना चिंधी.

गीताबाईची नजर आधी गाठीवर गेली. गाठ ढिली होती. देठ ओले न करताच वाकवलेले, म्हणून मोडलेले. आता आपला हात ते नीट करायला उठेल, म्हणून ती थांबली. हात उठला नाही. तिनं गरी भिंतीच्या कोपऱ्यात, त्याच्या टाळांशेजारी उभी केली.

"हे का गबाळं बांधलं?" ती करवादली. "काई रीतभात?"

बकारामनं चिंधी बांधलेल्या बोटांनी मिशी पुसली. खाटेच्या पलीकडं, आतल्या खोलीत हिमांशूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "मुद्दाम तसं बांधलं. कोनी इकत मांगनार नाई असं."